तुकडा नेऊ नये

डाकबंगल्यात उतरणाऱ्या माणसाला पाण्याचा तांब्या देण्याआधी गोटाभाऊ एक प्रश्न विचारत, "साहेब, जायची घाई त नाई ना?" घाई आहे म्हणणाऱ्याला ते पाणी देत, कोंबडी रांधून घालत, मच्छरदाणी नीट खोचून देत, पण त्याच्याशी जास्तीचा एक शब्द बोलत नसत. घाई नाही असं जो चुकून म्हणून जाईल तो मात्र सापडला. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला बैल बंडीला जुंपलेले असत, आणि पाहुणा जंगलखात्याचा अधिकारी असो की विम्याचा एजंट, दोन कोस हाडं खिळखिळी करत नेऊन दगडाची झाडं दाखवल्याशिवाय त्याची सुटका नसे.

मीही असाच सापडलो. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. मी रस्त्यांच्या खात्यात नवा ओव्हरसियर होतो आणि माझी बदली चांदा जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, सिरोंच्याकडच्या जंगलात झाली. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांद्यातच होता, आणि तिकडे बदली झाली म्हटल्यावर वर्ध्याचे माझे नातेवाईक सांत्वनाला यावेत तसे घरी येऊन गेले. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातला एखादा पाहायला जाईल, आणि पाहण्यासारखं तिथे आता काही उरलेलं नाही. त्यात माझा हात आहे, म्हणून हे लिहितो आहे.

गोटाभाऊ डाकबंगल्याचे चौकीदार, खानसामे, माळी, सगळं एकच. मूळचे चिमूरकडचे. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर दुपट्टा. खरं नाव गावात कोणी घेत नसे. दगडाला तिकडे गोटा म्हणतात, आणि हा माणूस उठता-बसता गोट्यांचंच बोलतो म्हणून गोटाभाऊ. लोक आपल्याला हसतात हे त्यांना ठाऊक होतं. "हसू द्या," म्हणायचे, "हासल्यानं गोटा फुटते का?"

ती झाडं एका नाल्याच्या उतारावर आडवी पडलेली होती. सात मोठी खोडं, आणि त्यांचे सुटलेले ओंडके तर कितीतरी. लांबून वाटे, कोणी जंगल तोडून टाकून दिलं आहे. जवळ गेलं की साल दिसे, गाठी दिसत, फांदी जिथून फुटली ती जागा दिसे, आणि हात लावला की थंडगार दगड. सगळ्यांत मोठ्या खोडाला गोटाभाऊंनी आजा असं नाव दिलं होतं. आजा त्यांच्या पावलांनी बत्तीस पावलं भरे.

तिथे पोचलं की आधी चपला काढायच्या. मग आज्याच्या तुटल्या टोकापाशी नेऊन ते पाहुण्याला बोटाने ठोकायला लावत. "काय वाजलं?" दगड वाजला, असं पाहुणा म्हणे. "आता पाहा." बरोबर आणलेला तांब्या ते त्या टोकावर हळूहळू ओतत. मातकट दगड भिजला की त्यात आतून वर्तुळं उमटत, एकाच्या आत एक, तांबडी, पिवळी, काळी, झाडाला दर वर्षी पडतात तशी. "तोंड धुतल्याबिगर म्हाताऱ्याचा चेहरा दिसत नाई," गोटाभाऊ म्हणत. पाणी वाळेपर्यंत तो चेहरा राही आणि तोवर कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. त्या दिवशी मी, चोवीस वर्षांचा, जगातलं सगळं ठाऊक असलेला ओव्हरसियर, तोंड उघडं टाकून त्या टोकासमोर बसून राहिलो.

परतताना नाल्याच्या काठावर बंडी थांबे. "खिसे झाडा," गोटाभाऊ म्हणत. अगदी नम्रपणे म्हणत, पण झाडल्याशिवाय बैल हलत नसत. एकदा एका बड्या अधिकाऱ्याच्या कोटातून सुपारीएवढा तुकडा निघाला. "अरे, एवढ्याशाने काय होतं?" अधिकारी चिडला. गोटाभाऊंनी हात जोडले, आणि जोडून झाल्यावर तोच हात पुढे केला. "साहेब, तुमच्यासारखे शंभर आले त आज्याचा पाय गेला." अधिकाऱ्याने तुकडा दिला. गोटाभाऊ तो घेऊन पायी परत गेले, जिथला होता तिथे ठेवून आले, आणि तोवर आम्ही सगळे, अधिकाऱ्यासकट, तासभर उन्हात बंडीत बसून होतो.

हे वेड त्यांना लावलं कलकत्त्याकडच्या एका भूगर्भवाल्या साहेबांनी. माझ्या आधी तीन-चार वर्षं ते तिथे येऊन पाच दिवस राहिले होते. गोटाभाऊंनी त्यांचा स्वयंपाक केला, हातोडा वाहिला, आणि त्यांनी हिंदीत सांगितलेलं सगळं डोक्यात साठवलं. कोटी वर्षं म्हणजे किती ते त्यांना कळलं नव्हतं. मलाही कुठे कळतं? ते आपल्या परीने सांगत, "हा आजा उभा होता तेवा माणूस नोहता, वाघ नोहता, देव बी नोहता." यावर त्यांची बायको सोनाबाई चुलीपासून ओरडे, "देवाले त सोडा!"

निघताना साहेब म्हणाले होते, मी सरकारकडून कागद घेऊन येतो, तोवर यातलं काही हलू देऊ नका. साहेब आपले बोलून गेले असतील. गोटाभाऊंनी तो हुकूम मानला. सोनाबाईंना दरसाल हिवताप गाठायचा. तो मुलूख सोडून चिमूरकडे मुलाजवळ जाऊन राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. गोटाभाऊंचं उत्तर ठरलेलं, "साहेब आले का जाऊ. राखण अर्धी टाकून कसं जावं?"

मी लवकरच त्यांच्या कटात सामील झालो. दुसरं करण्यासारखं त्या गावात काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचे. मोटार थांबायची तिथे आम्ही पत्र्याची पाटी लावली. डांबर माझ्या पिपातलं, अक्षर माझं, मजकूर त्यांचा. दगडाची झाडे पाहा. दोन कोस. तुकडा नेऊ नये. त्यांना शेवटचं वाक्य सर्वांत वर हवं होतं. मी म्हटलं, भाऊ, आधी बोलवा तरी, मग दटावा. हळूहळू माणसं येऊ लागली. सिरोंच्याचे मास्तर आले, चांद्याहून एक फोटोवाला आला. येणाऱ्याने वहीत नाव लिहायचं ही कल्पना माझी. "साहेब आले का वही दाखवू," गोटाभाऊ म्हणत. "म्हणू, पाहा, इतके लोक पाहून गेले अन एक गोटा हालला नाई."

ही जागा राखून ठेवावी असा अर्जही मी त्यांच्या नावाने लिहून धाडला. तो धाडला तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. उत्तर यायच्या आत आमचं राज्यच बदललं, कागद पेटारे भरभरून मुंबईला गेले, आणि त्या पेटाऱ्यांतून आमचा अर्ज कधी वर आला नाही. गोटाभाऊ दर टपालाला माझ्याकडे चक्कर टाकत. "आलं का?" "नाही." "येईन उत्तर," म्हणत आणि मलाच धीर देऊन जात.

मग माझाच रस्ता आडवा आला. पावसाळ्याआधी त्या कच्च्या रस्त्यावर खडी पडायची होती आणि खाण लांब होती. ठेकेदाराचा मुकादम नाल्यावर जाऊन आला. कठीण दगड, जवळचा, तोही आयता ओंडक्या-ओंडक्यांनी पडलेला. त्याला आणखी काय हवं होतं?

गोटाभाऊ माझ्या दारात आले ते बसले नाहीत. "बाबूसाहेब, आज्याच्या अंगावर चुन्याची खूण करून गेले ते. तुमी नाई म्हणा ना. रस्ता तुमचा हाये."

मी नाही म्हणू शकलो असतो का, हा प्रश्न मी इतकी वर्षं स्वतःला विचारतो आहे. म्हणू शकलो असतो. दगड पसंत करायचं काम ओव्हरसियरचंच. पण वरून तारांवर तारा येत होत्या, नोकरी नवी होती, आणि माझ्या जिभेवर एक चलाख उत्तर तयार होतं. मी हसत म्हटलं, "भाऊ, शेंदूर फासा! शेंदराला हात लावायची कोणाची टाप आहे?"

ते हसले नाहीत. "खोटा देव करू म्हणता?"

"अहो, प्रत्येक देव आधी दगडच असतो."

"हा झाड हाये, बाबूसाहेब," ते म्हणाले. "त्याले झाड म्हणूनच राखाचं होतं."

पण दुसरा उपाय मी दिला नाही आणि त्यांच्याजवळ नव्हता. बाजाराच्या दिवशी ते रहीमसेठच्या दुकानात गेले आणि होता तेवढा शेंदूर घेऊन आले. "शेठ विचारते, कोणता सण हाये? आता मी काय सांगू त्याले?" सोनाबाईंनी तेल काढून दिलं, पण हात लावला नाही. देव नव्हता म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी आज्याला टोकापासून टोकापर्यंत शेंदूर फासला. मोठं अंग, खरखरीत साल. सगळा शेंदूर एकट्या आज्यातच संपला. बाकीच्या सहांना पुढच्या बाजारी लावू, असं आमचं ठरलं.

पुढचा बाजार भरला तेव्हा मी सिरोंच्याच्या दवाखान्यात हिवतापाने बरळत पडलो होतो. तीन आठवडे तिथेच गेले. मागे काय झालं ते मला सोनाबाईंनी सांगितलं.

दगडफोडे आले. आज्याला पाहून त्यांनी घण खाली ठेवले आणि हात जोडले. मुकादमानेही चप्पल काढली, पाया पडला. गोटाभाऊंचा जीव भांड्यात पडला. मग मुकादम शेजारच्या खोडाकडे वळला.

"भाऊ, हा बी देव हाये का?"

"हाये."

"मंग याले शेंदूर काऊन नाई?"

"शेंदूर सरला होता," गोटाभाऊ म्हणाले. खोटं बोलायची सवय असती तर दुसरं काही सुचलं असतं.

मुकादम काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने समजावूनच सांगितलं, "देव असता त शेंदूर पयलेच लागला असता, भाऊ. तुमीच एकाले निवडून लावला. मंग बाकीचे गोटेच झाले ना?"

"गोटे नाई, झाडं हायेत. झाडं हायेत रे हे!" गोटाभाऊ ओरडले. आणि सगळे हसले. घण मारता मारताही हसत होते, असं सोनाबाई म्हणाल्या. "थो माणूस उभाच राह्यला, बाबू. एकाले देव म्हटलं त बाकीच्याईले वाली उरला नाई." पुढच्या बाजारचा शेंदूर यायच्या आत दोन खोडं फुटली होती. मग लावलेल्या शेंदराला कोणी जुमानलं नाही. ताजा शेंदूर कोणाला फसवणार? काम चालू होतं तितके दिवस गोटाभाऊ रोज नाल्यावर जात आणि आज्याला पाठ टेकून बसून राहत.

मी परतलो तेव्हा खडी रस्त्यावर पसरून झाली होती. खडीवर पाणी मारून ती दाबतात. मजूर कावडीने पाणी आणून ओतत होते, मागून रूळ फिरत होता, आणि मी पाहिलं तर माझा रस्ता लांबच्या लांब तांबड्या, पिवळ्या, काळ्या रेघांनी भरलेला. मुठीएवढ्या एकेका गोट्यावर वर्तुळाचा एकेक तुकडा. कडेला गोटाभाऊ उभे होते. "चेहरा दिसून राह्यला, बाबूसाहेब," ते म्हणाले. मग पाणी वाळेपर्यंत, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, ते बोलले नाहीत.

मी ती खडी पास केली. नापास करून झाडं उभी राहणार नव्हती, अशी स्वतःची समजूत घातली आणि सही केली. त्या दिवसापासून गोटाभाऊंनी त्या रस्त्यावर पाय ठेवला नाही. ते कडेच्या काट्याकुट्यांतून चालत, आणि पलीकडे जायचं झालं तर रस्त्याखालच्या मोरीतून वाकून जात. लोकांना हसायला आणखी एक कारण मिळालं.

आजा तेवढा उरला. पण शेंदूर फासलेला देव म्हटल्यावर लोक येणारच. आमची पाटी वाचून वर्षभरात जितके आले नसतील तितके एका मंगळवारी येऊ लागले. नवस झाले, बोकडं आली. आज्याच्या अंगाला लागूनच चुली पेटायच्या आणि जेवणं उरकली की त्यांवर पाणी ओतलं जायचं. तापलेला दगड तडकत गेला. गोटाभाऊ विनवायला गेले तर एक म्हातारा म्हणाला, "देव तुमचा असन, भाऊ, पण नवस त माहा हाये." ज्या टोकावर ते तांब्या ओतायचे तिथे शेंदराची पुटं बोटभर चढली. पाणी वरच्या वर घरंगळून जाई. पाहुण्यांना घाई विचारणंही त्यांनी बंद केलं. पाटीवरची अक्षरं पावसाने धुतली गेली, ती पुन्हा लिहू का असं मी विचारलं नाही.

आणि मग, ज्यांची वाट पाहिली ते साहेब आले. एका दुपारी जीप थेट डाकबंगल्याच्या दारात येऊन थांबली. साहेब थकले होते, पण खुशीत होते. बॅगेवर थाप मारून म्हणाले, कागद आणलाय. मग गोटाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चौकीदार, या वेळी मला मुळीच घाई नाही. चला, आधी सगळी झाडं पाहू."

गोटाभाऊंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. साहेबांचं पिऊन होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "साहेब, तुमी त्याईच्यावरूनच त आले."

साहेबांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते हिंदीत समजावून सांगावं लागलं. खडीचं सांगितलं, मुकादमाचं सांगितलं, शेंदराचंही सांगितलं. शेंदूर कोणाच्या सांगण्यावरून लागला ते मात्र मी सांगितलं नाही. गोटाभाऊ शेजारीच उभे होते. मी काय गाळलं ते त्यांना कळलं असणार, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग अंगणाकडे पाहत राहिले. साहेब जीपपाशी गेले, चाकाजवळ उकिडवे बसले आणि तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी रस्त्यावर ओतलं. बराच वेळ ते उठले नाहीत. आज्याला बघायला गेले खरे, पण अर्ध्या तासात परतले, आणि त्याच दिवशी निघून गेले. बॅग उघडलीच नाही. गोटाभाऊंनीही वही काढली नाही.

महिनाभरात गोटाभाऊंनी नोकरी सोडली. बंडीत दोन गाठोडी, पाटा-वरवंटा आणि घोंगडी पांघरलेल्या सोनाबाई. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, शेंदराचं मी सांगितलं होतं. साहेबांना तुम्ही बोलला का नाहीत?"

"सांगतलं तुमी," ते म्हणाले. "लावला कोनं? हात त माहेच होते ना." रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडलो, आणि त्यांनी मला रडू दिलं.

मग दुपट्ट्याच्या गाठीतून त्यांनी काहीतरी काढलं आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकलं. खडीचा एक गोटा होता. मी तो काढायला गेलो तर त्यांनी वरून हात दाबला. "राहू द्या. आता खिसा झाडाचं काम नाई." त्यांनी बैल जुन्या गाडवाटेला लावले, रस्त्याच्या खालून, झुडपांतून. बंडी दिसेनाशी होईपर्यंत मी माझ्या पक्क्या रस्त्यावर उभा होतो.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलाचं कार्ड आलं, बापू गेले म्हणून. माझी नोकरीही पुढे संपली. कितीतरी रस्ते केले, कितीतरी खडी पास केली, आणि प्रत्येक ढिगावर आधी पाणी मारून पाहिलं. हाताखालची माणसं हसायची. त्यांचा तो गोटा माझ्या टेबलावर आहे, कोरडा, मातकट, कोणत्याही खडीसारखा. त्याच्यावर पाणी घालायची हिंमत मला अजून झालेली नाही.